इंदूरजवळ दोन-तीन बिघे जमीन घेऊन घरापुरतं धान्य-भाजी पिकवणं खरंच जमतं का?

तुम्ही विचारलंय की दोघंही नोकरीत आहात, मुलं शाळेत आहेत, इंदूरच्या आसपास थोडी जमीन घेऊन छोटं घर बांधायचं आणि घरात लागतं ते शक्यतो तिथेच पिकवायचं मनात आहे, तर हे जमतं का, सुरुवात कुठून करायची आणि नोकरी सोडावी लागते का. जमतं. आमचं चौथं वर्ष चालू आहे. महूच्या पुढे, मानपूरच्या अलीकडे आमचे तीन बिघे आहेत, घरात मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं, राहायला अजून इंदुरातच पण शनिवार-रविवार आणि शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिकडे. गहू, हरभरा, तूर, लसूण, कांदा, बटाटा हे सगळं आता घरचं होतं, भाजी वर्षातले बरेच महिने विकत आणावी लागत नाही. तेल थोडं घरचं, बरंचसं विकत. तांदूळ आणि साखर विकतच, आणि आपल्या भागात घरापुरत्या भाताच्या मागे लागू नका असंच मी सांगेन.

पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरून ठरतं. जुलै ते मार्च माळव्यात कुणाचंही शेत पिकतं. काळी माती आहे, ओल धरून ठेवते, पावसाळ्यात मका-तूर-भाज्या आणि थंडीत गहू-हरभरा, अगदी नवखा माणूससुद्धा काही ना काही घरी घेऊन येतो. खरी परीक्षा एप्रिल, मे आणि अर्धा जून. विहिरी खाली जातात, माती भेगाळते, भाजी संपते, लावलेली रोपं वाळतात आणि बरेच लोक तिथेच कंटाळून जमीन बटाईने देऊन टाकतात. म्हणून जमीन बघण्यापासून घर बांधण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी आम्ही एकच प्रश्न विचारतो, मे महिन्यात याचं काय होणार?

तर जमीन मे महिन्यातच बघा. ऑगस्टमध्ये महूजवळच्या जानापाव डोंगराच्या बाजूला गेलात तर दगडसुद्धा हिरवा दिसतो, दलाल तेव्हाच फिरवतात. आम्ही जमीन पसंत करायच्या आधी सासूबाई सरळ गावातल्या बायकांजवळ जाऊन बसल्या आणि विचारलं की उन्हाळ्यात पाणी कुठून आणता, हातपंप कधी बंद पडतो, कोणाच्या विहिरीवर जावं लागतं. दोन गावं आम्ही तेवढ्यावरून सोडली. पाणी बायका भरतात, त्यामुळे खरं उत्तर त्यांच्याकडेच मिळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रासारखी शेतकरी असल्याचा दाखला लागण्याची अट मध्य प्रदेशात नाही, नोकरदार माणूसही शेतजमीन घेऊ शकतो. मात्र आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 165 ची बंधनं आहेत, कोणी कितीही गोड बोललं तरी त्यात पडू नका. खसरा (शेताचा उतारा) आणि बी-1 (खातेदाराचा उतारा) बघा, सीमांकन म्हणजे हद्दीची मोजणी करून घ्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेतात जायचा रस्ता नकाशावर आहे का ते बघा, नुसतं शेजाऱ्याच्या बांधावरून जाऊ देतात यावर भरवसा ठेवू नका. घर बांधायच्या आधी डायवर्सन (शेतजमिनीचा वापर बदलून घेणं) लागेल का ते पंचायत आणि तहसील दोन्हीकडे विचारून घ्या.

आता पाणी. "डग डग रोटी, पग पग नीर" हे माळव्याबद्दल सगळे म्हणतात पण ट्यूबवेल खोदून खोदून आपणच ते नीर खाली घालवलंय. शेजारच्या देवास जिल्ह्यात बोअर कोरडे पडायला लागले तेव्हा 2006 पासून शेतकऱ्यांनी आपल्याच शेतात तळी खोदायला घेतली, तिकडे त्यांना रेवासागर म्हणतात, एकदा जाऊन बघून या, पुस्तकापेक्षा जास्त कळेल. आम्ही ते बघूनच ठरवलं की पहिला पैसा तळ्यात. इंदूरकडे वर्षाला सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि हे पाणी शेताच्या उतारावरून वाहून जातं ते अडवायचं. तळं पसरट करू नका, खोल करा, कारण मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला जवळपास एक सेंटीमीटर नुसती उन्हाने उतरते, म्हणजे पूर्ण उन्हाळ्यात पाऊण-एक मीटर पाणी कोणी न वापरता जातं, पसरट तळ्यात मग उरतं काय? माती चिकण काळी असेल तर तळाशी पाणी बऱ्यापैकी टिकतं, मुरूम लागला की झिरपतं, तिथे प्लॅस्टिकचा कागद अंथरावा लागतो. आमच्याकडे अर्ध्या भागात मुरूम लागला म्हणून कागद घातला, खर्च वाढला पण त्याचं मला वाईट वाटत नाही, आज मे महिन्यात जी काय भाजी आणि झाडं आहेत ती त्या पाण्यावर आहेत. लाईटचंही लक्षात ठेवा, शेतीच्या फीडरला (शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला) आपल्याकडे 10 तास मिळते आणि त्यातली काही रात्री, म्हणून उंचावर एक टाकी हवीच, लाईट आली की भरायची आणि ठिबक सकाळी सावकाश चालू द्यायचं.

झाडांसाठी ठिबक न्यायच्या आधी आम्ही मडकी पुरली. साधं भाजलेलं, बिनझिलईचं मडकं रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकण. पाणी मडक्याच्या अंगातून पाझरत राहतं आणि मुळं त्याच्याकडे वळतात. शेवगा, लिंबू, आंबा, सीताफळ, कढीपत्ता सगळं असंच जगवलं. झाडं पहिल्याच पावसाळ्यात लावा, घराची वाट बघू नका, कारण घर सहा महिन्यांत उभं राहतं, आंबा नाही.

मातीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण हा आपल्या इंदूरचा अभिमानाचा विषय आहे आणि इंदुरातल्या मराठी घरांतही फारसा माहीत नसतो. जगभर सेंद्रिय शेतीवाले ज्याला "इंदूर पद्धत" म्हणतात ते कंपोस्ट इथेच तयार झालं. 1924 मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे, तिथे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांनी हे काम केलं आणि 1931 मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक आलं. हॉवर्डना नंतर सर पदवी मिळाली, नाव झालं, वाडांचं नाव मागे राहिलं, आपण तरी ते घ्यायला हवं.

पद्धत सोपी आहे. दोन-अडीच फुटांपेक्षा खोल खड्डा नको, आत हवा गेली पाहिजे. खाली तुराट्या किंवा जाड काड्या, त्यावर सोयाबीनचा भुसा, वाळका पाला, मग शेणाचा काला, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी राख, पाणी शिंपडायचं, परत थर. ओलं हवं पण हातात पिळून पाणी गळता कामा नये. दोन-तीन दिवसांत हात घालवत नाही इतकं आत तापतं. मग साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीनदा उलथापालथ आणि तीन महिन्यांत खत तयार, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. आमच्याकडे गाय नाही, आठवड्याला दोन दिवस येणाऱ्यांनी गाय ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारचे पटेल बा आमचा गव्हाचा भुसा नेतात आणि आम्हाला शेण देतात, हा सौदा दोघांनाही परवडतो.

पटेल बांमुळे आणखी एक गोष्ट कळली, ती तुम्हाला कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही. गहू निघाला की एप्रिलमध्ये आसपासच्या शेतांत नरवाई (कापणीनंतर उरलेली धसकटं) जाळतात, बंदी आहे तरी जाळतात, आणि वारा असला की ती आग तुमच्या लहान रोपांपर्यंत यायला वेळ लागत नाही. म्हणून गहू कापल्या कापल्या पूर्ण सीमेवर आतल्या बाजूने चांगला रुंद पट्टा नांगरून मोकळा करायचा, एक काडी ठेवायची नाही. आणि रोजडे, म्हणजे नीलगायी. हरभऱ्याचा शेंडा त्यांना फार आवडतो, एका रात्रीत वाफा साफ करतात. तारेच्या कुंपणावरून ते उडी मारतात, म्हणून आम्ही तारेच्या आत करवंदाची बागड (जिवंत कुंपण) लावली आहे, ती दाट व्हायला तीन-चार वर्षं लागतात, तोपर्यंत हरभऱ्याच्या दिवसांत पटेल बांचा मुलगा रात्री राखण करतो आणि आम्ही त्याचे पैसे देतो.

काय पेरायचं हे बाजाराकडे बघून नाही, स्वयंपाकघराकडे बघून ठरवा. आजूबाजूला सगळीकडे सोयाबीन दिसेल, पण ते विकायचं पीक आहे, ताटात येत नाही. मी वर्षभर किराण्याची बिलं जपून ठेवली आणि त्यावरून पेरणी ठरली. आम्हा पाच जणांना वर्षाला चार-साडेचार क्विंटल गहू पुरतो, पाणी असलं तर एक बिघा त्यापेक्षा जास्त देतो (आपल्याकडे साधारण चार बिघे म्हणजे एक हेक्टर धरतात), म्हणजे गव्हात अडायला होत नाही. पोळीसाठी लोकवन आणि बाफले (माळव्यातले उकडून भाजलेले कणकेचे गोळे), लाडू, दलियासाठी थोडा कठिया (कडक दाण्याचा गहू), कठिया एक-दोन पाण्यांत निघतो हा त्याचा मोठा फायदा. तूर बांधाला, मका अंगणाजवळ, कारण मुलांना भुट्ट्याचा कीस आवडतो आणि कणसं राखावी लागतात.

आणि इथे परत मे महिना येतो. सासूबाईंमुळे मला कळलं की पिकवणं हे अर्धंच काम आहे. लसूण मार्चमध्ये निघतो, त्याच्या पातीसकट वेण्या करून ओसरीत टांगायच्या. उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये काढून मान पूर्ण वाळल्यावर बांबूच्या मांडवावर पातळ पसरायचा, मग तो दिवाळीच्या आसपासपर्यंत जातो. गव्हाला कडक ऊन दाखवून, एरंडेल चोळून कोठीत, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला. थंडीत मेथी सावलीत वाळवायची, गवार आणि वांग्याच्या चकत्या उन्हात, हरभऱ्याचा पाला वाळवून डबे भरून ठेवायचे, कोहळा घालून सांडगे. मेमध्ये हिरवी भाजी म्हणजे फक्त गवार, चवळी, भेंडी आणि वेलीचा भोपळा, तेही मल्चिंग करून (वाफ्यावर पाला-भुसा अंथरून), बाकी दिवस सांडग्याची आमटी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, शेवग्याचा पाला, कैरीचं सार. यात काही कमीपणा नाही. आमच्या मुलांना आता मे महिन्याचं जेवण वेगळं असतं हे माहीत आहे आणि ते त्याची वाट बघतात, मला या सगळ्यात सर्वांत जास्त आनंद याचा आहे.

घर शेवटी. पहिले दोन उन्हाळे आम्ही पत्र्याच्या एका खोलीत काढले, अवजारं आणि आम्ही एकत्र. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, भेगेत हात जातो इतकी, तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंती तडकणारच, त्यामुळे खाली मुरूम लागेपर्यंत खोदायचं, आजूबाजूची काळी माती काढून मुरूम भरायचा आणि प्लिंथ बीम (जोत्यावरची काँक्रीटची पट्टी) घालायचा. गवंडी गावातलाच घ्या, त्याला तिथली माती माहीत असते. आमच्या दोन खोल्या आणि मोठी ओसरी आहे, ओसरी खोल्यांपेक्षा जास्त कामाची. छपराचं पाणी टाकीत घ्या, हजार चौरस फुटांवर वर्षाला सत्तर हजार लिटरच्या आसपास मिळतं, पिण्याला आणि स्वयंपाकाला ते भरपूर झालं.

नोकरी सोडायचं विचारलंय तर आत्ता सोडू नका. तळं, कुंपण आणि टाकी होईपर्यंत पैसा बाहेरूनच यावा लागतो, जमीन पहिली तीन वर्षं घेतेच. दोघांपैकी एकाचं काम घरून होण्यासारखं असेल तर पेरणीचे आणि काढणीचे आठवडे तिकडे राहायचं, बाकी दिवसांसाठी गावातलं एक जोडपं पगारावर ठेवा आणि पगार वेळेवर द्या. या मेमध्ये जमिनी बघायला निघालात की घरातल्या मोठ्या बाईमाणसाला बरोबर घ्या, आणि आमच्याकडेही येऊन जा, कठिया गव्हाचं आणि गवारीचं बियाणं काढून ठेवते.