चंद्राच्या कलांचा माणसाच्या आरोग्यावर परिणाम होतो का?

झोपेवर थोडासा होत असावा. बाळंतपणं, वेडाचे झटके, गुन्हे यांच्याबद्दल जे ऐकायला मिळतं ते मोजायला गेलं की विरून जातं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या साडेपाच लाखांहून जास्त जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात पौर्णिमेला बाळंतपणं वाढलेली दिसली नाहीत.

तुम्ही विचारलंय की शरीरात ६०-७० टक्के पाणी आहे, मग समुद्रासारखी भरती आपल्यात का येऊ नये? पाण्याच्या टक्केवारीचा इथे संबंधच नाही. पृथ्वीच्या चंद्राकडच्या आणि पलीकडच्या बाजूवर चंद्राची ओढ कमीजास्त पडते, त्या फरकातून भरती येते. त्या फरकाला पृथ्वीचा १२,७०० किलोमीटर व्यास मिळतो. तुमच्या डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम पावणेदोन मीटर. म्हणजे फरक सत्तर लाखांहून जास्त पटींनी कमी. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या अवाढव्य सरोवरांतही भरती ५ सेंटीमीटरच्या आतच राहते. शिवाय उधाण पौर्णिमेइतकंच अमावास्येलाही येतं, पण झोप उडाल्याचं खापर फुटतं ते पौर्णिमेवर!

उरतो तो प्रकाश. पूर्ण चंद्राचा प्रकाश फार तर ०.३ लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), घरातल्या साध्या दिव्याखाली शंभराच्या आसपास. अर्ध्या चंद्राचा उजेड पूर्ण चंद्राच्या निम्मा नसतो, साधारण दहावा हिस्साच असतो. त्यामुळे खऱ्या उजेडाच्या रात्री मोजक्याच, आणि त्यातही पौर्णिमेआधीच्या महत्त्वाच्या, कारण तेव्हा सूर्य मावळताना चंद्र आधीच वर आलेला असतो. २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या तोबा या आदिवासी समाजात झालेल्या अभ्यासात नेमक्या पौर्णिमेआधीच्या ३ ते ५ रात्री लोक उशिरा आणि कमी झोपलेले आढळले. गंमत म्हणजे दिव्यांनी झगमगणाऱ्या अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या विद्यार्थ्यांतही तसाच कल दिसला, आणि तिथे उजेडाचं स्पष्टीकरण लंगडं पडतं. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या बिनखिडकीच्या प्रयोगशाळेत ३३ जणांची झोप पौर्णिमेच्या सुमारास सरासरी २० मिनिटांनी कमी भरली होती. पण ती माहिती मुळात दुसऱ्याच कामासाठी गोळा केलेली होती, आणि पुढच्याच वर्षी ४७० जणांच्या नोंदींत तो परिणाम सापडला नाही.

मासिक पाळीचा घोळ वेगळा आहे. चांद्रमास २९.५ दिवसांचा. पाळी २८ दिवसांची असेल तर ती दर खेपेला दीड दिवस मागे सरकते आणि साधारण दीड वर्षात सगळ्या कलांमधून फिरून येते. मधले दोन-तीन महिने ती पौर्णिमेच्या आसपास येते, तेवढे लक्षात राहतात.

स्वतःपुरतं तपासायचं असेल तर रोज सकाळी उठल्या उठल्या झोपल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. चंद्र कुठे आहे ते बघू नका. निदान ६ चांद्रमास, म्हणजे १७७ रात्री, एकही न गाळता. मगच कॅलेंडर उघडून पौर्णिमेआधीच्या ५ रात्रींवर खूण करा आणि त्यांची सरासरी बाकीच्या रात्रींशी ताडून पाहा. सुट्टीच्या आदल्या रात्री वेगळ्या काढा, नाहीतर जागरणाचा दोष चंद्रावर जातो. बहुतेकांचं इथेच चुकतं: झोप बिघडली की मगच नोंद करतात, किंवा मनगटावरचं स्मार्ट घड्याळ दाखवतं तो गाढ झोपेचा आकडा खरा धरतात. तो अंदाज असतो, वेळांवरच विसंबा. फरक १५-२० मिनिटांचा निघाला तर जाड पडदे आणि संध्याकाळी मंद दिवे एवढं पुरे.

बायपोलर आजार (ज्यात मन कधी उन्मादात, कधी खोल नैराश्यात जातं) असलेल्यांनी मात्र हे हलक्यात घेऊ नये. त्यांच्यात कमी झोपेमुळे उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो, मग कारण चंद्र असो वा प्रवास. सलग दोन रात्री झोप घटली तर नोंदी घेऊन मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तिथी बघून गोळ्यांचा डोस स्वतःहून कमीजास्त करू नका.