मासा सोडायचाच, तर धरायचा कशाला?

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही हिमाचलमधल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यातल्या ट्राउट माशाचा ओझरता उल्लेख केला होता. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो. डॉक्टर म्हणतात, एखादा शांत छंद लावून घ्या. फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसांची खोटी माशी लावून मासे धरणं, या वयात जमेल का? रॉड कोणता घ्यावा? आपल्या सह्याद्रीत करता येईल का? आणि हा सौ.चा प्रश्न : मासा धरून परत सोडायचाच, तर धरायचा कशाला?
– वि. गो., सातारा

उत्तर : वहिनींचा प्रश्न तुमच्या तिन्ही प्रश्नांहून अवघड आहे. तो शेवटी घेते.

गळ टाकून काठावर बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणून डॉक्टरांनी 'शांत' म्हटलं असावं. डोंगरी ओढ्यात बसायला मिळत नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या दगडाच्या आडोशाला, वरून वाहत येणाऱ्या किड्यांची वाट बघत उभा असतो. म्हणून आपण खालून वर चढत जायचं, त्याच्या पाठीमागून. सावली पाण्यावर पडली, पायाखालचा गोटा खडखडला, की तो गेलाच. दिवसाचा बराचसा वेळ 'आता उभं कुठे राहायचं' हे ठरवण्यात जातो. गुडघे तपासून घ्या; वयाची अडचण नाही, शेवाळलेल्या दगडांची आहे.

फेकण्याची रीत मात्र उलटी. नेहमीच्या गळात वजन शिशाला असतं. इथली माशी म्हणजे आकड्यावर दोऱ्याने बांधलेली चार पिसं, तिला वजनच नाही. वजन असतं लाईनमध्ये, म्हणजे दोरीत. सतरंजी झटकताना हात थांबतो आणि लाट पुढे जाते, तसंच. हात थांबवायला शिकायचं. जोर लावणाऱ्यांची लाईन मागच्या झुडपात अडकते, आणि निवृत्त अधिकारी जोर फार लावतात.

छोट्या ओढ्यात पंधरा-वीस फुटांपलीकडे फेकावं लागतच नाही. खरी गोम पुढे आहे. तुमच्या आणि माशाच्या मधला प्रवाह जोरात असला तर तो लाईन ओढतो, लाईन माशीला फरफटवते आणि ट्राउट तोंड फिरवतो. खरा किडा असा पळत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. रॉड उंच धरून लाईन पाण्याबाहेर ठेवली की निम्मं काम झालं. त्यासाठी मला जपानी तेन्कारा रॉड आवडतो : अकरा-बारा फुटी, रीळ नाही, लाईन थेट टोकाला बांधलेली. गुशैणी गावाजवळ तीर्थनला मिळणाऱ्या फलाचनसारख्या ओढ्यावर तो पुरेसा आहे. रीळ हवंच असेल तर साडेसात-आठ फुटी, चार वेटचा, म्हणजे हलक्या लाईनसाठीचा, रॉड घ्या. दुकानदार आणखी बरंच दाखवील. बघा आणि बाहेर पडा.

आपल्या महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत ट्राउट नाही. त्याला थंड पाणी लागतं. वीस अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो. आपल्या ओढ्यांतले मासे वेगळे आणि त्यांचं वेळापत्रकही वेगळं. माझं माहेर संगमेश्वरकडचं. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला अख्खं गाव बाहेर पडायचं. ते मासे अंडी घालायला वर निघालेले असतात, त्यांच्या मागे तुम्ही तरी लागू नका. दिवाळीनंतर ओढे आटत जातात आणि डोहांत अडकलेल्या माशांना टोचण्यात काही मौज नाही. त्यापेक्षा साताऱ्यात मैदानावर आकड्याऐवजी लोकरीचा गोंडा बांधून सराव करा. आणि महाबळेश्वरच्या वाटेवर एखाद्या वाहत्या ओढ्यातला दगड हलकेच उलटून बघा. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणारी अळी दिसली तर तीच कॅडिस. तिचं पंखवालं रूप आपण पिसांनी बांधतो. बघून झालं की दगड होता तसा ठेवा.

आता वहिनी. सोडण्यात पुण्य नाही, हे आधी मान्य करते. मासा धडपडतो, दमतो. आकड्याला उलटा काटा नसावा, हात ओले करावेत, त्याला पाण्यातच धरून सोडावं. एवढ्याने त्रास कमी होतो, संपत नाही. शिवाय ब्राउन ट्राउट इथला नव्हेच. इंग्रजांनी तो आधी काश्मीरमध्ये आणि १९०९ मध्ये कुल्लूत आणला, आणि स्थानिक माशांच्या वाट्याचं तो खातो. मी मासे खाणाऱ्या घरातली आहे. परवान्यात बसेल तेवढा एखादा ठेवून तळणाऱ्याला मी नावं ठेवत नाही.

मग धरायचा का? माझ्यापुरतं सांगते. रिकाम्या हातांनी मी ओढ्याकाठी दहा मिनिटं बसते आणि गॅस बंद केला होता का, यावर येते. हातात रॉड असला की एकाच दगडामागचं पाणी अर्धा तास बघू शकते. तेवढ्या लोभाशिवाय माझी नजर टिकत नाही. ही पळवाट आहे असं वहिनी म्हणाल्या तर निम्मं बरोबर आहे. त्यांना सोबत न्या. त्या नुसत्या बसून तेवढंच बघू शकत असतील तर त्यांना रॉडची गरज नाही, तुम्हाला आहे.

जायचं तर मार्च-एप्रिलमध्ये किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबर संपण्याआधी. ट्राउटच्या विणीमुळे हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. परवाना मत्स्य विभागाचा.

प्रश्न : नऊ वर्षांच्या नातीला फ्लाय फिशिंगला सोबत नेलं तर चालेल?
– एक आजी, नागपूर

उत्तर : जरूर न्या. दगड उलटायचं काम तिला द्या, ती तुमच्याआधी अळ्या शोधील. पाणी घोट्याच्या वर नको. आकडा मागून डोक्यावरून येतो, म्हणून टोपी आणि चष्मा तिलाही हवा, तुम्हालाही.