‘मूळ आकार’ की ‘मूळ आकारमान’?

विचारणा अशी: जीझिपसारख्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाने दाबलेली फाइल उलगडल्यावर केवढी होईल, तो आकडा तिच्यातच नोंदलेला असतो. त्याला ‘मूळ आकार’ म्हणावे की ‘मूळ आकारमान’?

आकारमान. ‘फाइलचा आकार’ ऐकून ऐकून कान किटले. गोल, चौकोनी, लंबुळका हे आकार. फाइलीला कसला आलाय आकार! ‘शुल्क आकारतात, म्हणजे आकारात रक्कम आलीच की’ असा बचाव काही जाणकार करतात. क्रियापदाच्या आडून नामाला असे घुसवायचे, तर ‘कानउघाडणी’ म्हणजे शस्त्रक्रिया ठरेल.

खरी मौज ‘मान’मध्ये आहे. आदराचा मान ‘मन्’ धातूपासून, गळ्यामागची मान ‘मन्या’पासून आणि मापाचे मान ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून. मात्रा, परिमाण, निर्माण, प्रमाण, अनुमान ही सगळी या ‘मा’चीच लेकरे. त्यातले प्रमाण तर माप आणि पुरावा दोन्ही! न्यायदर्शन या भारतीय तर्कशास्त्रातली चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, अशी: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द.

माझ्या मते जीझिपमधला तो आकडा म्हणजे शुद्ध अनुमान. ‘अनु’ म्हणजे मागून. मजकूर प्रवाहासारखा सलग येत असला की त्याची एकूण लांबी आधी कळत नाही. म्हणून ती अगदी शेवटच्या चार बाइटांत, मागून लिहितात. ‘इथला अनु तसा नव्हे, तो लिंगज्ञानानंतरचा, म्हणजे धुरासारखी खूण दिसल्यानंतरचा’ असे शास्त्रीबुवा म्हणतील. म्हणोत. अनु तो अनुच.

आणि हे अनुमान फसतेही. चार बाइटांत ४,२९,४९,६७,२९६ पेक्षा लहानच संख्या मावते. मोठी असेल तर तिला या संख्येने भागून उरलेली बाकी लिहायची, असे १९९६ च्या आरएफसी १९५२ या जीझिपच्या तांत्रिक दस्तऐवजातच ठरले आहे. ही संख्या म्हणजे चार जीबीतले बाइट, त्यामुळे पाच जीबीची फाइल नोंदीत एक जीबीची दिसते. दोन जीझिप फाइली एकापुढे एक जोडल्या तरी चालतात, पण शेवटचे चार बाइट फक्त दुसरीचे. धूर पाहून शेकोटी ठरवावी आणि पलीकडे वणवा निघावा, तसे.

२०२२ च्या १.१२ आवृत्तीपासून मात्र फाइलींच्या आकारमानांची यादी मागितली की जीझिप त्या नोंदीवर विसंबत नाही. अख्खी फाइल उलगडून मोजते. वेळ लागतो, पण प्रत्यक्ष प्रमाण! एक्सझेड या दुसऱ्या दाबण्याच्या प्रकारात प्रत्येक खंडाचे मूळ आकारमान सूचीत असते, म्हणून तिथे उलगडावे लागत नाही. बीझिप२ हा तिसरा प्रकार मूळ आकारमान नोंदवतच नाही. तिथे मौन.

हां, तक्त्याच्या मथळ्यात जागा अपुरी असेल तर नुसते ‘मूळ माप’ लिहा. तेही ‘मा’चेच.