मास्क मिळाल्याची सही करा, जबाबदारी घेतल्याची नको

प्रश्न : भोसरीतल्या 35 कामगारांच्या वर्कशॉपमध्ये ठेकेदारामार्फत काम करतो. ग्लास फायबर, कार्बन फायबरचे पॅनेल राउटर या कापायच्या मशीनवर कापतो, कडा ग्राइंडरने घासतो. भिंतीला एकच एक्झॉस्ट फॅन आहे. कोपराच्या घडीत खाज सुटते, रात्री कोरडा खोकला येतो. आता ‘मास्क मिळाला, पुढे त्रास झाल्यास जबाबदारी माझी’ या कागदावर सोमवारपर्यंत सही मागताहेत. काय करू?

उत्तर : तो कागद तसाच सही करू नका. कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी कामगाराच्या सहीने उतरत नाही. कायद्याला डावलणारा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 नुसार रद्दबातल ठरतो. तरीही उद्या तुमच्यासमोर नाचवला जाईल तो हाच कागद. म्हणून ‘मास्क मिळाला’ एवढंच, तारखेसह लिहून द्या, खाली ‘मशीनवर धूळ ओढणारी नळी नाही’ हेही लिहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मास्क दिला म्हणजे मालक सुटला, हा समज मला फार सलतो. 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 14 स्पष्ट सांगत होतं : एक्झॉस्ट लागत असेल तर तो धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितका जवळ हवा आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त हवी. भिंतीवरचा पंखा धूळ ओढतो ती तुमच्या नाकासमोरून. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली, पण धूळमुक्त हवा देणं मालकाचंच काम राहिलं. ठेकेदाराचे कामगार त्यातून वगळलेले नाहीत.

संहितेच्या कलम 14 प्रमाणे आरोग्याला तातडीचा धोका वाटत असेल तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवता येतं. पुण्यातल्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाव गुप्त ठेवण्याची विनंती अर्जातच करा. चार-पाच जणांनी मिळून दिलात तर उत्तम. मालकाशी बोलताना हेही सांगा की कार्बनच्या धुळीतून वीज वाहते. ती कंट्रोल पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्ट होऊन त्याचंच मशीन जळेल.

ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर याच आठवड्यात दवाखान्यात जा. डॉक्टरांना ‘खोकला’ एवढंच सांगू नका. काय कापता, किती वर्षांपासून, किती तास, हे केसपेपरवर लिहून घ्या. नुकसानभरपाईच्या दाव्यात पहिला पुरावा तोच असतो.

आणि सोमवारी कामावर जा. घरी बसलात तर गैरहजेरीचं कारण त्यांच्या हाती लागेल. गेटवर अडवलं तर वेळ आणि अडवणाऱ्याचं नाव टिपून त्याच दिवशी कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्या.