बोक्याची धाप आणि हृदय

प्रश्न : सात वर्षांच्या, 4 किलोच्या बोक्याला खाजेसाठी बरेच दिवस टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. आठवड्याभरात तो पोट हलवत भराभर श्वास घेऊ लागला. डॉक्टरांनी छातीतून पाणी काढलं आणि हार्ट फेल्युअर सांगितलं. पण खोकला नव्हता, हृदयात मर्मरही (ठोक्यांमधला जादा आवाज) कधी ऐकू आली नव्हती. निदान चुकलं तर नाही?

उत्तर : निदान पटण्यासारखं आहे. हृदय थकलं की कुत्रा खोकतो, मांजर सहसा नाही; खोकणाऱ्या मांजरात आधी दमा शोधतात. मर्मर नाही म्हणजे हृदय ठणठणीत, असंही नसतं. मांजरात बहुतेकदा डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते, 6 मिलिमीटर किंवा जास्त. अशी भिंत सैल पडत नाही, रक्त नीट भरत नाही. मागे दाब साठून वरचा कप्पा फुगतो आणि पाणी फुफ्फुसात किंवा त्याभोवती उतरतं. लपलेला हा आजार स्टिरॉइडने, कधी सलाइननेही, उघडा पडतो. पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी हे आधी सांगा.

खात्री इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, होते. सोबत थायरॉइड आणि रक्तदाबही तपासून घ्या; दोन्ही वाढले तर भिंत जाड होऊ शकते. धापेच्या वेळी मात्र तपासण्यांची घाई नको. आधी ऑक्सिजन, फ्युरोसेमाइडचं (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) इंजेक्शन, छातीत पाणी असल्यास ते काढायला सुई. दमलेल्या मांजराला एक्स-रेसाठी दाबून धरलं तर ते टेबलावरच जाऊ शकतं.

घरी फ्युरोसेमाइड साधारण किलोमागे 1 ते 2 मिग्रॅ, दिवसातून दोनदा असतं. माणसांच्या 40 मिग्रॅच्या गोळीचा पाव तुकडाही 10 मिग्रॅ, म्हणजे तुमच्या बोक्याला जास्तच. डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्या, सिरिंजने मोजून द्या. प्यायचं पाणी कधीही तोडू नका. आठवड्याच्या आत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवतं) आणि पोटॅशियम तपासा.

रोज तो गाढ झोपला की छातीचं वर-खाली एक श्वास धरून 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. घुरघुरत असेल तर ते मोजमाप सोडून द्या. मिनिटाला 30च्या आत ठीक. आकडा पुन्हा पुन्हा वर जात असेल तर त्याच दिवशी फोन करा. तोंड उघडून श्वास घेत असेल तर मध्यरात्रीही निघा.

प्रश्न : क्लोपिडोग्रेलचा पाव तुकडा दिला की तोंडाला फेस येतो. बंद करू का?

उत्तर : नको. गोळी भयंकर कडू असते, फेस त्याचाच. 75 मिग्रॅच्या गोळीचा पाव भाग, 18.75 मिग्रॅ, रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरा आणि वर सिरिंजने 5 मिली पाणी पाजा. कोरडी कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते. फुगलेल्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे औषध आहे. ती सुटली तर बहुधा मागच्या पायांच्या धमनीत अडकते : पाय अचानक लुळे, गार, पंजे फिकट, आणि मांजर वेदनेने ओरडतं. तेव्हा पाय चोळू नका, पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, ते मांजराला विष आहे. सरळ दवाखाना गाठा.