मॅचआधीची बीअर: कुठे, कोणती, किती

प्रश्न: मी लातूरचा, सध्या इंग्लंडात डर्बीला नोकरीला आहे. ऑफिसातल्या चौघांबरोबर शनिवारी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉल मॅच बघायला जायचंय. आम्ही पाहुण्या संघाचे. मॅच दुपारी तीनला. स्टेडियमजवळ बसावं की शहरात? आणि तिथली खास बीअर कुठे मिळेल?

उत्तर: स्टेडियमजवळ नको. मैदानाला खेटून असलेल्या बऱ्याच पबांच्या दारावर त्या दिवशी ‘फक्त होम फॅन्स’ अशी पाटी लागते. पाहुण्यांना घेणारा एखादा पब सापडलाच, तर काउंटरवर झुंबड, प्लॅस्टिकचे ग्लास आणि घाईत भरलेली लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची गार बीअर. शहरात निवांत बसा आणि मग मैदान गाठा.

गाडीतून उतरल्या उतरल्या, स्टेशनातच ‘शेफील्ड टॅप’ आहे. रेल्वेचं जुनं रिफ्रेशमेंट रूम डागडुजी करून २००९ मध्ये हा पब सुरू झाला. मात्र मॅचच्या दिवशी इथे पाहुण्या चाहत्यांवर बंधनं येऊ शकतात, म्हणून सगळा बेत त्याच्यावर ठेवू नका. स्टेशनमागून निळ्या मार्गाची ट्राम धरा आणि शेल्समूरला उतरा. तिथून चालत थोड्याच अंतरावर केल्हम आयलंड हा जुन्या कारखान्यांचा भाग लागतो. ‘फॅट कॅट’ आणि ‘केल्हम आयलंड टॅव्हर्न’ हे दोन्ही पब तिथेच. टॅव्हर्नला २००८ आणि २००९ असा सलग दोनदा देशातल्या सर्वोत्तम पबचा मान मिळालाय. बाराला पोचलात तर जागा मिळते, एकनंतर उभं राहायची तयारी ठेवा. पावणेदोनला उठा, शेल्समूरहूनच पिवळ्या मार्गाची ट्राम घ्या आणि लेपिंग्ज लेनला उतरा. पाहुण्यांचा स्टँड त्याच टोकाला आहे. ट्राम खच्चून भरते, एखादी सोडावी लागते. पावणेदोन म्हणतो ते त्यासाठीच.

दुसऱ्या गावी जायचं असेल तर ‘कॅमरा’ या ग्राहक संघटनेची पब-यादी बघा. अस्सल एल, म्हणजे पिंपातच आंबत राहणारी पारंपरिक इंग्लिश बीअर, टिकवण्यासाठी ती १९७१ पासून काम करते. तिचं ‘गुड बीअर गाइड’ दरवर्षी निघतं. स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या आतले दोन-तीन पब निवडा आणि आदल्या दिवशी फोन करा: पाहुणे चालतात का, किती वाजता उघडता, जेवण मिळतं का. जर्सी जॅकेटच्या आत ठेवा.

चकण्याची आशा धरू नका. काउंटरवरच्या पाकिटांतलं ‘पोर्क स्क्रॅचिंग्ज’ म्हणजे तळलेली डुकराची कातडी, हे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

प्रश्न: मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. पबात एल मागवली तर कोमट, फेस नाही आणि जरा आंबटही. ती अशीच असते का? बदलून मागता येते का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: तीन तक्रारींपैकी दोन तक्रारीच नाहीत, तिसरी खरी आहे. आपल्या वाळूजला बनते ती लागर. गाळून, गॅस भरून, चिल्ड प्यायची. कास्क एलमध्ये, म्हणजे पिंपातल्या एलमध्ये, यीस्ट जिवंत असतं, ती पिंपातच थोडी आंबत राहते. तळघरात ती ११ ते १३ अंशांवर ठेवतात, कारण त्याहून गार केली तर चव दबते. गॅस कमी, म्हणून आपल्या बीअरसारखा फेस जोरात फसफसत नाही.

आंबटपणा मात्र दोष. काउंटरवरच्या हातपंपाने जितकी बीअर वर ओढली जाते तितकी हवा पिंपात शिरते. साधारण ७२ पिंटांचं (सुमारे ४१ लिटरचं) पिंप उघडल्यावर तीनेक दिवसांत संपलं पाहिजे, नाहीतर व्हिनेगरचा वास येतो. म्हणून रिकाम्या पबात दहा हातपंप दिसले तर खुश होऊ नका. तीन पंप आणि भरपूर गिऱ्हाईक, हा पब चांगला. सकाळी उघडल्यावरचा पहिला ग्लासही बघून घ्या. रात्रभर नळीत राहिलेली बीअर त्यात येऊ शकते. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बीअर संपलीय किंवा अजून तयार नाही.

घ्यायच्या आधी घोटभर चव मागता येते, पैसे पडत नाहीत. बदलून हवी असेल तर पहिल्या एक-दोन घोटांतच काउंटरवर परत न्या, शांतपणे सांगा, चांगला पब वाद घालत नाही. अर्धा ग्लास रिचवून तक्रार केलीत तर कोण ऐकणार! गढूळ दिसली तर आधी विचारा, काही बीअर मुद्दाम तशीच ठेवतात. बर्टन या इंग्लंडातल्या बीअरच्या गावच्या बीअरला येणारा गंधकाचा हलका वास तिथल्या पाण्यातल्या जिप्समचा असतो, तो चालतो.

प्रश्न: ३.८ टक्क्यांची बीअर म्हणजे पाणीच की! किती प्यावी? (नांदेड)

उत्तर: आपल्याकडच्या सात टक्क्यांच्या ६५० मिली ‘स्ट्राँग’ बाटलीत सुमारे ४५ मिली अल्कोहोल असतं. तिथला पिंट ५६८ मिलीचा. ३.८ टक्क्यांच्या दोन पिंटांत जवळपास तेवढंच होतं. चौघांत आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायची पद्धत असते, चार पिंट कधी होतात कळत नाही. तुमच्या वाट्याला हाफ (अर्धा पिंट) सांगा, कुणी नावं ठेवत नाही. नशेत मैदानात शिरू पाहणं तिथे गुन्हा आहे.

प्रश्न: मी शाकाहारी. एल चालेल का? (परभणी)

उत्तर: विचारून घ्या. बीअर नितळ करायला बऱ्याच पिंपांत आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. पंपाच्या पाटीवर ‘व्हीगन’ किंवा ‘अनफाइन्ड’ (नितळ करायला काही न घातलेली) लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला.

प्रश्न: ग्लास घेऊन सीटवर बसता येतं का? बसमध्ये? (जालना)

उत्तर: दोन्ही नाही. १९८५ च्या कायद्याने, मैदान दिसेल अशा जागी बीअर पिता येत नाही. स्टँडखालच्या काउंटरवर मिळाली तर तिथेच संपवायची. मॅचसाठी भाड्याने केलेल्या बसमध्ये दारू नेणंही गुन्हा आहे. वयाची अट १८ ची, पण २५ च्या आतले दिसलात तर ओळखपत्र मागतात. पासपोर्ट जवळ असू द्या.