लिहिलंस ते आधी स्वतः वाजव

चि. ...स अनेक आशीर्वाद.

संगीतरचनेतून पोट कधी भरेल, हे तू पत्राच्या अगदी शेवटी, जरा चोरूनच विचारलंस. खरा प्रश्न तोच आहे, म्हणून तिथूनच सुरू करू.

तुझ्या आवडत्या फिलिप ग्लासचंच, त्या अमेरिकन संगीतकाराचंच बघ. 1976 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्याच्या 'आइन्स्टाइन ऑन द बीच' या ऑपेराचे दोन्ही प्रयोग हाउसफुल्ल झाले आणि तरी डोक्यावर कर्ज राहिलं. वय 39. गडी पुन्हा टॅक्सी चालवायला लागला. त्याआधी नळजोडणीची कामं केली होती, लोकांचं सामान हलवलं होतं. 'सत्याग्रह' या ऑपेराचं काम नेदरलँड्सहून आलं, तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी टॅक्सी सुटली. तेव्हा नोकरीची लाज नको. फक्त सकाळचे दोन-तीन तास तुझे राहतील अशी बघ. शिकवण्यांचा मोह सगळ्यांना होतो, पण त्या असतात संध्याकाळी आणि तालमीही संध्याकाळीच असतात.

ग्लासने एक गोष्ट फार आधी ओळखली: आपलं संगीत वाजवणं आपल्या हातात ठेवायचं. 1968 मध्ये त्याने स्वतःचा वाद्यमेळ उभा केला. की-बोर्डवर स्वतः बसायचा आणि पुढच्या तुकड्यावर कधी जायचं ते मान हलवून सांगायचा. त्या रचनांचे स्कोअर, म्हणजे लिहिलेली स्वरलिपी, इतरांना वाजवायला देत नसे. ऐकायचं तर त्याच्या वाद्यमेळालाच बोलवावं लागे. तुलाही चार जण पुरेत, पण तेच चार जण वर्षभर हवेत. दर कार्यक्रमाला नवे वादक घेतलेस तर तालमीचा निम्मा वेळ नुसती ओळख होण्यात जाईल.

आता तू पाठवलेली पानं. पाच स्वरांचा तुकडा वाढवत नेण्याची कल्पना ग्लासच्या 'टू पेजेस' या रचनेवरून आली आहे, हे कळतं. त्यात काय होतं ते नीट बघ. खालचा प, सा, रे, कोमल ग, म, असे पाच सारख्या लांबीचे स्वर. मग त्या पाचांना पहिले चार जोडले की नऊ. त्यांना पहिले तीन जोडले की बारा, मग पहिले दोन जोडले की चौदा. आपल्याकडे आवर्तन ठरलेलं असतं आणि तुकडा समेवर येऊन मिळतो. इथे आवर्तनच लांबतं-आखडतं, त्यामुळे सम धरायला जागाच राहत नाही. तू मात्र प्रत्येक वाढीनंतर तिहाईसारखा मुक्काम केला आहेस. सवयीने झालंय ते, पण काढ. दुसरं म्हणजे प्रत्येक बार लाइननंतरच्या, म्हणजे स्वरलिपीत मात्रांची घरं (बार) पाडणाऱ्या उभ्या रेघेनंतरच्या, स्वरावर तुझा नकळत जोर पडतो. 1965 च्या सुमारास पॅरिसमध्ये ग्लास रविशंकरांचं चित्रपटसंगीत फ्रेंच वादकांसाठी लिहून देत होता, तेव्हा हेच झालं. जोर भलतीकडे पडायचा आणि तबलावादक अल्लारखाँ म्हणत राहायचे, सगळे स्वर सारखे आहेत. शेवटी त्याने बार लाइनी खोडल्या, तेव्हा लय जागेवर आली.

रियाजाबद्दल. ग्लासच्या 'ओपनिंग' या पियानोच्या रचनेत उजव्या हाताला तीन, डाव्याला दोन, म्हणजे आपली आड लय. सहा मोज. उजवा 1, 3, 5 वर, डावा 1 आणि 4 वर. डाव्याचा दुसरा स्वर उजव्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वराच्या बरोबर मध्ये पडायला हवा. घाईत तो तिसऱ्याला जाऊन चिकटतो आणि लय लंगडते. आधी मांडीवर थाप देऊन बसव, मग मेट्रोनोम, म्हणजे लय धरून टकटक करणारं यंत्र, मिनिटाला 50 ठोक्यांवर ठेवून पियानोच्या पट्ट्यांवर ये. अंगठा इतर बोटांपेक्षा जड पडतो. एकदा वाजवून ते कळत नाही, एकच बार तीन मिनिटं घोळवल्यावर उघडं पडतं. पेडल स्वरसंगती बदलली की बदल. कोपराखाली ओढ जाणवली की थांबायचं, तिथे हट्ट नको. ग्लासने वीस एट्यूड, म्हणजे सरावाच्या रचना, लिहिले, त्यातले पहिले दहा मुख्यतः स्वतःचा हात सुधारावा म्हणून. तूही स्वतःला जड जाणाऱ्या जागांवर दोन-दोन पानं लिही.

स्कोअरमध्ये तीन गोष्टी दुरुस्त कर. तुझ्या डाव्या हातात एका सप्तकापलीकडची दशमी, म्हणजे एक स्वर आणि त्यापासूनचा दहावा, एकदम धरायची आहे. लहान हाताला ती पोचतच नाही, तेव्हा तोडून लिही. बार किती वेळा वाजवायचा ते त्याच्या डोक्यावर आकड्यात टाक. वादकांच्या पार्टमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या वेगळ्या स्वरलिपीत, पान उलटायला विश्रांती ठेव. ती नसली की कोणीतरी एक हात सोडतो आणि नेमका तिथेच स्वर गळतो.

करारावर सही करण्याआधी हक्क 'असाइन' होतोय (दुसऱ्याला लिहून दिला जातोय) की 'लायसन्स' (फक्त वापरायची परवानगी), एवढं तरी वाच. भारतीय कायद्यात हक्क लिहून दिला आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. पण समोरचा सहसा 'कायमचा' आणि 'संपूर्ण जगभर' असं छापूनच आणतो. ते दोन शब्द खोडायला सांग. छोट्या कामात बहुतेक ऐकतात.

नवीन पानं पाठवशील तेव्हा पीडीएफबरोबर डाव्या हाताचं एकट्याचं रेकॉर्डिंग पाठव, मेट्रोनोम बंद ठेवून.